पाण्याच्या फवाऱ्याने इंजिनाचा जोर वाढतो का?

टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनात पाण्याचा फवारा सोडला की त्याची ओढण्याची ताकद वाढते, असे सांगितले जाते. ट्रॅक्टरने वजनदार घसरगाडी ओढण्याच्या परदेशी स्पर्धांचा दाखलाही मिळतो. तिथे पाणी वापरतात हे खरे. पण ‘पाण्यातला हायड्रोजन सुटा होऊन जळतो’ हे कारण चूक आहे. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. त्याच्या विघटनाला लागणारी ऊर्जा तो पुन्हा जळताना मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी नसते.

मग पाणी करते काय? समजा, हिंगोली जिल्ह्यातल्या काळ्या रानात मे महिन्यात नांगरणी चालली आहे. हवा ४२ अंश सेल्सिअस. टर्बोचार्जरने तिचा दाब दुप्पट केला की तिचे तापमान सुमारे १४० अंश होते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी जातो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.३ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणून एक किलो हवा ७० अंशांनी थंड करायला सुमारे ३० ग्रॅम पाणी पुरते. वाफेने अडवलेली जागा वजा जाता सिलिंडरमध्ये साधारण १५ टक्के जास्त हवा मावते. घरातल्या कूलरचेच हे तत्त्व.

समर्थनातली मोठी त्रुटी पुढे आहे. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती डिझेल जळते यावर ठरते. नुसती हवा वाढवून जोर वाढत नाही, डिझेलही वाढवावे लागते. स्पर्धेत तेच करतात, आणि वाढलेल्या उष्णतेपासून पिस्टन व टर्बाइन वाचवायला पाणी सोडतात. ती ओढ सुमारे १०० मीटरची असते. नांगरणी तासन्‌तास चालते. टाकीतले पाणी मध्येच संपले आणि डिझेल तेवढेच जात राहिले, तर इंजिन निकामी होऊ शकते. पाणी संपताच डिझेल कमी न करणारा संच म्हणूनच घेऊ नये.

फवाऱ्याची जागाही महत्त्वाची. कॉम्प्रेसरच्या आधी सोडलेले थेंब वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर आदळून ती झिजवतात. नंतर सोडायचे तर पंपाचा दाब तिथल्या हवेपेक्षा जास्त हवा. इंजिन बंद असताना नोझल गळले तर सिलिंडरमध्ये पाणी साठू शकते. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे इंजिन सुरू करताना कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय बेसॉल्ट खडकातल्या विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. वाफ निघून जाते, क्षार आत राहतात.

शेतातल्या ट्रॅक्टरला त्यापेक्षा इंटरकूलर बरा. तो पंख्याच्या वाऱ्यावर हेच काम पाण्याशिवाय करतो.

तासाला २०० किलो हवा घेणाऱ्या इंजिनाला किती पाणी लागेल, हे गणित विद्यार्थ्यांना जरूर घालावे. उत्तर येते सहा लिटर. दिवसभराच्या नांगरणीला एवढे ऊर्ध्वपातित पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न मग ते आपणहून विचारतील.