नेतृत्वाची प्रश्नावली नेमकी कोणी भरायची?

समाजकार्य शिक्षणातली सेवा आणि नेतृत्व या विषयावर तुम्ही सिनॉप्सिस लिहायला घेतला असेल, तर पहिल्या पानावर बहुधा रॉबर्ट ग्रीनलीफ असणार. १९७० साली त्याने एका निबंधातून 'सेवक-नेतृत्व' ही कल्पना मांडली. खरा नेता आधी सेवक असतो, असं त्याचं म्हणणं. पुढच्या पानावर असते प्रश्नावली. विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्याआधी एकदा भरायची, नंतर एकदा. गुण वाढले की निष्कर्ष तयार!

या आराखड्यावर मला आज टीका करायची आहे. मी मूळची विज्ञान शाखेची, त्यामुळे नजर आधी मोजमापावर जाते.

'मी लोकांचं शांतपणे ऐकून घेतो' या विधानापुढे पाचपैकी किती गुण द्यायचे, हे तो विद्यार्थी स्वतःच ठरवतो. आणि क्षेत्रकार्याला मार्क असतात. मग दोन कोण लिहील? तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर वाढलेले गुण क्षेत्रकार्यामुळे वाढले की नुसतं एक वर्ष गेल्यामुळे, हेही सांगता येत नाही. 'पण माझा क्रॉनबॅक अल्फा ०.८५ आला' असं म्हणू नका. त्यावरून एवढंच कळतं की प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात. म्हणजे थोडी विश्वसनीयता मिळाली. वैधता अजून लांब आहे.

गंमत म्हणजे खुद्द ग्रीनलीफची कसोटी वेगळी होती. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का, जास्त स्वतंत्र झाली का, समाजातल्या सगळ्यात वंचित माणसावर काय परिणाम झाला, हे तो विचारतो. आपण त्याचं नाव घेतो आणि कसोटी गाळतो.

ग्रीनलीफची उमेदीची वर्षं एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत गेली. त्यात वाईट काही नाही, पण त्याच्या मांडणीत नेता मध्यभागी असतो, हे लक्षात ठेवा. आपल्याकडचा इतिहास जरा वेगळी वाट दाखवतो. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. सुरुवात गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या सेवेपासून झाली. १९२० साली तेच जोशी आयटकच्या स्थापनेत होते. सेवेकडून संघटनेकडे, म्हणजे कामगारांनी स्वतः मागणी करण्याकडे, हा प्रवास. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क (आजची टिस) सुरू केलं, तेही नागपाड्यात, वस्तीतल्या कामाला लागून.

मग मोजायचं कसं? गडचिरोलीचं उदाहरण बघा. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्रयोगाची ३९ गावं होती आणि तुलनेची ४७. नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. 'तुमच्यात किती नेतृत्व आलं?' या प्रश्नावर काहीच टांगलेलं नव्हतं. बाळं जगली का, हे मोजलं. अभ्यासाला मर्यादा आहेत: गावांची विभागणी यादृच्छिक नव्हती. पण मोजपट्टी योग्य ठिकाणी लावली होती.

तुम्ही म्हणाल, एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याने वर्षभरात मृत्यूदर कसा कमी करायचा? बरोबर आहे. मग छोटं बघू. पनवेलजवळच्या कोनमध्ये गिरणी कामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत २०१६ साली निघाली. पुढे कोविडमध्ये त्याच इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि ताबा लांबत गेला. समजा, एखादा विद्यार्थी अशा ठिकाणी क्षेत्रकार्याला आला. त्याने रहिवाशांचे पन्नास अर्ज छान लिहून दिले, तर ती सेवा झाली, आणि तिची किंमत कमी नाही. पण तो गेल्यावर एक्कावन्नावा अर्ज कोणी लिहिला? बैठक कोणी बोलावली? सहा महिन्यांनी बैठक होते का? बोलणाऱ्यांत बायका किती? हे चार प्रश्न मोजता येतात. त्यासाठी फक्त विद्यार्थी निघून गेल्यानंतर तुम्हाला तिथे परत जावं लागतं. ते कष्टाचं आहे, म्हणून आपण वर्गात प्रश्नावली वाटतो.

विद्यार्थ्याची प्रश्नावली टाकून द्या, असं मी म्हणत नाही. ती ठेवा, पण तिच्याशेजारी रहिवाशांची बाजू ठेवा. दोन्ही जुळल्या नाहीत तर घाबरू नका. 'विद्यार्थी म्हणतो मी नेतृत्व केलं, वस्ती म्हणते आम्हाला नाव आठवत नाही', ही तफावत म्हणजेच तुमचा प्रबंध असू शकतो.

सिनॉप्सिस गाइडकडे पाठवण्याआधी एकदा तपासा: सेवा ज्यांची केली, त्यांचं एक तरी उत्तर तुमच्या विदेत आहे का?