'हुबेहूब' म्हणजे नक्की कशासारखं? जुन्या सिंथेसायझरांच्या सॉफ्टवेअर नकलांबद्दल

हौशी सिंथवाल्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "डोळे मिटून ऐक, फरक कळायचा नाही." ज्याच्याबद्दल हे बोललं जातं ती वस्तू म्हणजे एक प्लगइन. लॅपटॉपच्या पडद्यावर मिनीमूगचं चित्र, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, काळे नॉब, आणि किंमत मूळ वाद्यापुढे अगदीच किरकोळ. मी स्वतः या मंडळींतलाच. दिवसा सिग्नल प्रोसेसिंगचे पेपर वाचायचे आणि रात्री हेडफोन लावून दोन सप्तकांच्या मिडी कीबोर्डवर बेस वाजवत बसायचं, हा माझा उद्योग. त्यामुळे या उत्साहाची टिंगल मी करणार नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण सध्या रिसर्च प्रपोजल लिहिताय, आणि त्या दृष्टीने हे वाक्य सोन्यासारखं आहे. कारण ते एक वाक्य नाहीच. त्यात तीन-चार वेगळे दावे एकाच पुडीत बांधलेत. पुडी सोडून बघू.

पहिला प्रश्न साधा आहे : फरक कळणार नाही, पण कशापासून? मिनीमूग मॉडेल डी १९७० ते १९८१ या काळात बनत होता. मधे ऑसिलेटरचा बोर्ड बदलला. आधीचे बोर्ड तापमानाबरोबर जास्त सरकायचे, नंतरचे बरेच स्थिर झाले. शिवाय प्रत्येक रेझिस्टर, प्रत्येक कपॅसिटर ठरलेल्या किमतीच्या थोडा इकडेतिकडे असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांत तो आणखी सरकतो. मग 'मूळ' कुठलं? कारखान्यातून बाहेर पडलेलं नवं कोरं यंत्र, की आज कुणाच्या स्टुडिओत धूळ झटकून चालू केलेलं? की रेकॉर्डवर ऐकलेला आवाज, जो मिक्सर आणि टेपमधून गेलेला आहे? बहुतेक हौशी लोकांच्या कानात हा तिसरा 'मूळ' असतो, कारण खरं यंत्र आपल्यापैकी फार थोड्यांनी वाजवलंय. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर संदर्भबिंदूच ठरलेला नाही. एका यंत्रावर मोजमाप करून बनवलेली नक्कल ही त्या एका यंत्राची नक्कल. नमुनासंख्या एक. हे वाईट नाही, पण ते सांगितलं पाहिजे.

आता त्या यंत्राच्या पोटात जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

रॉबर्ट मूग यांचा लॅडर फिल्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकावर एक रचलेली शिडी, आणि प्रत्येक पायरीवर एक कपॅसिटर. पायऱ्या चार. प्रत्येक पायरी कटऑफच्या वरचा आवाज दर सप्तकाला ६ डेसिबलने कापते. चार मिळून २४. शेवटच्या पायरीचं आउटपुट उलटं करून पुन्हा सुरुवातीला दिलं की रेझोनन्स मिळतो, म्हणजे तो ओळखीचा 'वाऽव' असा तोंड उघडल्यासारखा आवाज. कटऑफला प्रत्येक पायरी फेज ४५ अंशांनी मागे ढकलते. चार पायऱ्यांचे १८० झाले, उलटवल्यामुळे आणखी १८०, फेरी पूर्ण. फीडबॅक चौपट केला की फिल्टर स्वतःच शीळ घालायला लागतो. कागदावर किती सोपं!

कॉम्प्युटरमध्ये गाडी अडते ती इथे. सर्किटमध्ये आउटपुट इनपुटला त्याच क्षणी पोचतं. प्रोग्रॅममध्ये आउटपुट काढायला इनपुट लागतं आणि इनपुट काढायला आउटपुट. जुना उपाय म्हणजे सरळ मागच्या सॅम्पलचं आउटपुट वापरायचं. एका सॅम्पलने काय होतंय? हिशेब करून बघा. ४४,१०० हर्ट्‌झला एक सॅम्पल म्हणजे साधारण २२.७ मायक्रोसेकंद. १०० हर्ट्‌झच्या आवर्तनात ही उशिराची किंमत एक अंशसुद्धा नाही. पण १०,००० हर्ट्‌झचं आवर्तन १०० मायक्रोसेकंदांचं, तिथे हाच उशीर ८० अंशांच्या वर जातो. म्हणजे फेरी ठरल्या जागी पूर्ण होतच नाही. शीळ खाली सरकते, आणि कटऑफचा नॉब फिरवाल तसा रेझोनन्सही आपोआप बदलत जातो. खालच्या बेसच्या सुरावर हे कानाला कळत नाही. वर गेलात की कळतं.

यावर काम करणाऱ्यांची एक सुंदर साखळी आहे. टिम स्टिल्सन आणि ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ साली स्टॅनफर्डमधून या फिल्टरचं डिजिटल विश्लेषण मांडलं. २००४ मध्ये फिनलंडच्या अँटी हुओविलाइनेन यांनी प्रत्येक पायरीतल्या ट्रान्झिस्टरचं वाकडेपण, म्हणजे मोठा सिग्नल आला की त्याचं डोकं दाबलं जाणं, गणितात आणलं. पुढे वादिम झावालिशिन यांनी ते 'त्याच क्षणीचं' समीकरण खरोखर सोडवून घेण्याची पद्धत पुस्तकाच्या रूपात सगळ्यांसाठी फुकट ठेवली. साहित्य-आढावा कसा लिहावा असं मला विचारता ना? हा घ्या नमुना. प्रत्येकाने आधीच्याची एक नेमकी अडचण उचलली. 'या क्षेत्रात फारसं काम झालेलं नाही' हे वाक्य एकालाही लिहावं लागलं नाही.

दुसरी अडचण ऑसिलेटरची, ती पटकन सांगतो. ३,००० हर्ट्‌झच्या सॉटूथ लहरीचे हार्मोनिक ६,०००, ९,००० असे चढत जातात. २४,००० वर आले की ४४,१०० च्या सिस्टिममध्ये त्यांना जागा नसते; ते दुमडून २०,१०० वर येतात, पुढचा १७,१०० वर, त्यापुढचा १४,१०० वर. यातला एकही ३,००० च्या पटीत नाही. म्हणून जुन्या प्लगइनांत वरचे सूर वाजवले की मागे बारीक काच घासल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. आज चांगल्या प्लगइनांत हा प्रश्न जवळजवळ मिटलाय.

तर "फरक कळत नाही" हे विधान अमुक सुरावर, अमुक रेझोनन्सला खरं, आणि दुसरीकडे खोटं असू शकतं. नक्कल कितपत जमलीय हे एका आकड्यात सांगणाऱ्या लेखावर माझा विश्वास बसत नाही.

यामाहाच्या डीएक्स७ ची गोष्ट मात्र वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी. हे १९८३ चं वाद्य मुळातच डिजिटल. जॉन चाउनिंग यांच्या एफएम पद्धतीवर सहा ऑपरेटर आणि ते जोडण्याचे ३२ प्रकार. आकडेमोडीची नक्कल आकडेमोडीनेच करायची, त्यामुळे डेक्स्ड नावाचा फुकट प्लगइन मुळाच्या फार जवळ जातो. तरीही काही जण म्हणतात, "काहीतरी कमी आहे." कमी काय असेल याचा विचार केला तर सूत्राऐवजी सूत्रानंतरचा भाग दिसतो : बारा बिटांचा कन्व्हर्टर, त्याचा किंचित खरखरीतपणा, आउटपुटचं सर्किट. म्हणजे ज्या वाद्याला लोक 'थंड, डिजिटल' म्हणायचे, त्याच्यातला जिव्हाळा लोकांना सापडतोय तो त्याच्या उणिवेत. गंमत आहे की नाही? पण मला या प्लगइनचं कौतुक आवाजासाठी नाहीच. मूळ डीएक्स७ वर एका छोट्या पडद्यातून एका वेळी एकच आकडा दिसायचा, म्हणून बहुतेक वादक तयार आवाजांवर भागवायचे. डेक्स्डमध्ये सहाही ऑपरेटर समोर पसरलेले असतात. एफएम शिकायचं असेल तर नक्कल मुळापेक्षा सरस आहे, आणि हे म्हणायला हौशी मंडळी का कचरतात ते मला कळत नाही.

रोलंड टीबी-३०३ चं उदाहरण आपल्या घराजवळचं. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी सिनेसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची डिस्को तालावरची एक रेकॉर्ड केली. त्यानंतर पाच वर्षांनी शिकागोतून ॲसिड हाउस म्हणून जे ओळखलं गेलं, त्याच्याशी तिचं साम्य इतकं आहे की २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर जगभर चर्चा झाली. ३०३ खरं तर बेस गिटारवाल्याच्या जागी म्हणून विकायला काढलेलं, त्या कामात सपशेल फसलेलं यंत्र. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. रागाच्या चलनाकडे कान असलेल्या वादकाला ती मींडेची आठवण करून देणारच.

आता ३०३ ची नक्कल करायला बसा. फिल्टर जमला की काम झालं, असं वाटतं. होत नाही. एकामागून एक ॲक्सेंटचे सूर आले की त्याच्या सर्किटमधला एक कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, आणि प्रत्येक ॲक्सेंट आधीच्याहून जास्त उघडा वाजतो. यंत्राला मागचा सूर 'आठवतो' म्हणा ना. फिल्टर अचूक असून हे राहून गेलेली नक्कल एका सुराला खरी आणि ओळीला खोटी वाटते. ३०३ चा फिल्टर १८ डेसिबलचा, हेही वर्षानुवर्षं एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं. सर्किट सोडवलं तर चार पोल निघतात. संदर्भ देताना मूळ कागद उघडून बघा हे गाइड का सांगतात, ते यावरून लक्षात येईल.

डोळे मिटून ऐकण्याकडे परत येतो. ही चाचणी चांगली आहे, फक्त नीट करायला हवी. दोन्ही आवाजांची पातळी आधी जुळवा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला हमखास 'जास्त ऊबदार' वाटतो. दहा वेळा ओळखायला सांगा. निव्वळ अंदाजाने आठ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता साधारण साडेपाच टक्के, नऊ किंवा जास्तची एक टक्का. आणि मित्राला दहात पाचच ओळखता आले तर? तर एवढंच सिद्ध झालं की या माणसाला, या हेडफोनवर, या तुकड्यात फरक ओळखता आला नाही. शून्य गृहीतक नाकारता न येणं म्हणजे ते खरं ठरणं नव्हे. सेटच्या पेपरात यावर टिक करताना आपण चुकत नाही, स्वतःच्या आवडत्या प्लगइनची वेळ आली की चुकतो.

माझी खरी तक्रार आवाजाबद्दल नाहीये. ती त्या लाकडी पट्ट्यांबद्दल आहे. नॉबचं चित्र माउसने गोल फिरवायचं हा प्रकार ना धड वाद्य, ना धड सॉफ्टवेअर. मूळ मिनीमूगवर दोन हात दोन नॉबवर असायचे. माउसला एका वेळी एकच मिळतो. मूळ यंत्रात आवाज साठवायची सोयच नव्हती, म्हणून वादक कागदावर नॉबच्या जागा लिहून ठेवायचे आणि रोज नव्याने आवाज शोधायचे. प्लगइनमध्ये शेकडो प्रीसेट. आमच्यातले कितीतरी जण संध्याकाळभर प्रीसेट चाळतात आणि सूर एकही बांधत नाहीत. सर्किट इतक्या निगुतीने उतरवलं, पण वाजवण्याची पद्धत उतरवली का, हा प्रश्न विचारणारे पेपर त्या मानाने मला फार कमी दिसले. विषय शोधणाऱ्यांनी इकडे बघायला हरकत नाही. चार-पाच हौशी वादक, एक प्लगइन, एकदा माउस आणि एकदा खरे नॉब असलेला कंट्रोलर, आणि कोण काय वाजवतो याची नोंद. एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधाला एवढं पुरतं.

प्लगइन विकत घ्यायच्या आधी एक करा. डेमो उतरवा, रेझोनन्स पूर्ण उघडा, ऑसिलेटर बंद करा आणि कटऑफ सावकाश खालून वर न्या. शीळ सुरात वर जाते का, की मधेच मंदावते, ते ऐका. मग कीबोर्डवर सा आणि वरचा सा दाबून शीळ बरोबर सप्तकभर सरकते का ते बघा. त्यासाठी कीबोर्ड ट्रॅकिंग पूर्ण उघडायला विसरू नका.