कानबाईची गाणी : टिकून राहिल्याची नोंद

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव-सटाण्यापासून जळगावपर्यंत खानदेशी शेतकऱ्यांच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रविवार सूर्याचा. गाण्यांत तिच्या जोडीला रानूबाई येते. शेजारच्या निमाडात रानूबाई ही सूर्याचीच पत्नी मानतात. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात.

ही अहिराणी गाणी ऐकताना आम्हांला सनावळी आठवते. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला. १८०३-०४ मध्ये दुष्काळ पडला. पुढे पेंढारी आले, १८१८ मध्ये इंग्रज आले. गावेच्या गावे ओस पडली. तरी आम्ही ऐकलेल्या गाण्यांत लुटारूचे नाव नाही. आहे ते माहेर, दळण, नदी आणि पाहुणी आलेली देवी. आमच्या मते हेच या गाण्यांचे बळ. लूट गेली, गव्हाच्या मुठी मोजणारे घर उरले.

पण या मौनाची किंमतही आहे. रिकामी जागा ऐकीव समज भरून काढतो, की लुटारू म्हणजे मुसलमान. पेंढाऱ्यांत दोन्ही धर्मांचे लोक होते, हे उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हांला आमच्याच मुलांना समजावून सांगावे लागते.

दुसरी उणीव अशी, की गाणी गातात बाया, पण त्या मुठींत बायांची मोजदाद नाही. गाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी दोन्ही मौने वाचावीत. नुसते कौतुक पुरेसे नाही.