हुद्द्याआडची समता

निन्टेन्डोच्या 'मेट्रॉइड'मध्ये (१९८६) चिलखतातला योद्धा अखेरीस बाई निघतो, ही हकिगत व्हिडिओ गेमच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. गेमसोबतच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेने मात्र सॅमस अरानला बिनदिक्कत पुल्लिंगी सर्वनाम लावलं होतं. गुपित राखायचं असेल, कबूल. पण गुपित राखायला पुल्लिंगच सोयीचं वाटलं, मेख तिथे आहे. पुढे समतेचा वाद बहुतांशी नायिकेचे कपडे आणि बांधा यांभोवती फिरला. 'टूम्ब रेडर'मधल्या (१९९६) लारा क्रॉफ्टवर किती शाई सांडली! गेममधली माणसं खेळणाऱ्याला हाक कशी मारतात, याकडे त्या मानाने फारसं कोणी पाहिलं नाही. माझ्या मते, समता किती मुरली आहे आणि किती वरवरची आहे, हे त्या हाकेवरून चांगलं कळतं.

बायोवेअरच्या 'मास इफेक्ट'ने (२००७) हा प्रश्न हुशारीने सोडवला. खेळणाऱ्याचं पात्र म्हणजे शेपर्ड; पुरुष घ्या वा स्त्री, आडनाव ठरलेलं. पहिलं नाव हवं ते ठेवा, ते कोणी उच्चारतच नाही. बहुतेकांच्या तोंडी 'कमांडर' किंवा 'शेपर्ड'. यामागे हिशेब आहे. लेखी मजकुरात एक शब्द बदलणं सोपं, पण ध्वनिमुद्रित संवादात लिंग शिरलं की तीच ओळ दोनदा मुद्रित करावी लागते. म्हणून शेपर्डचे स्वतःचे संवाद मार्क मीर आणि जेनिफर हेल या दोघांनीही म्हटले, इतर पात्रांचे बहुतेक एकदाच मुद्रित झाले. यात बिघडलं काय, असं कोणी विचारेल. बाई जहाजाची कमांडर आहे याचं कुणाला नवलही वाटत नाही, याहून अधिक काय हवं? आक्षेप वजनदार आहे, आणि हेलच्या आवाजातली शेपर्ड अनेकांना पुरुष शेपर्डपेक्षा सरस वाटली हेही खरं. पण ही समता हिशेबातून आलेली, त्यामुळे हिशेब बदलला की तीही बदलते. हालचाली पुरुषदेहावर बेतलेल्या, म्हणून दुसऱ्या भागात पार्टीचा ड्रेस घातलेली शेपर्डही गुडघे फाकवून बसते. जाहिरातींतही तिसरा भाग येईपर्यंत चेहरा पुरुषाचाच होता.

हा हिशेब उघडा पडला तो २०१४ मध्ये. 'असॅसिन्स क्रीड युनिटी'त स्त्री-पात्र घेऊन एकत्र खेळता का येत नाही, असं विचारल्यावर युबिसॉफ्टकडून कामाचा बोजा वाढण्याचं कारण पुढे आलं, आणि त्याच मालिकेवर काम केलेल्या एका अॅनिमेटरने ते जाहीरपणे खोडलं. चारच वर्षांनी त्याच मालिकेतल्या 'ओडिसी'त कसांड्रा आणि अॅलेक्सिऑस हे दोन पर्याय एकाच कथेत सहज बसले. दोघांनाही लोक 'मिस्थिओस' म्हणतात, म्हणजे भाडोत्री लढवय्या. ग्रीकमध्ये हे रूप पुल्लिंगी आहे, पण इंग्रजी कानाला ते खुपत नाही आणि काम भागतं.

अलीकडचा वाद सर्वनामांचा. 'स्टारफील्ड'मध्ये (२०२३) पात्र घडवताना सर्वनाम निवडायची सोय दिसली आणि ती काढून टाकणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनीच केलेले बदल, निघाले. राजकारण लादलं जातंय, ही तक्रार मला पटत नाही. नाकाची लांबी ठरवता येते त्याच पडद्यावर आणखी एक खूण करता येते, एवढंच. दुसऱ्या बाजूचा विजयोत्सवही मला घाईचा वाटतो. 'द सिम्स ४'ने २०२२ मध्ये हवी ती सर्वनामं वापरायची मुभा दिली ती सुरुवातीला फक्त इंग्रजीत. जिथे क्रियापदं आणि विशेषणंही लिंगाप्रमाणे बदलतात, तिथे नुसती सर्वनामं बदलून भागत नाही.

मराठीच घ्या. 'तू दार उघडलंस', 'तू जाशील', 'इकडे ये' यांत ऐकणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. 'आलास-आलीस'मध्ये लगेच कळतं. पात्र स्वतःविषयी 'येतो' म्हणेल की 'येते', याची अडचण नाही, त्याचे दोन आवाज मुद्रित होणारच असतात. अडचण इतरांच्या बोलण्याची. 'अहो कमांडर' दोघांनाही चालतं, पण जवळचं माणूस 'अरे' किंवा 'अगं' म्हणणार. म्हणजे लिंगनिरपेक्ष हाक आदराच्या अंतरावरूनच मारता येते. सलगी आली की लिंग येतं. 'मास इफेक्ट'मधल्या गॅरसच्या तोंडी मात्र सलगीतही ते अंतर राहतं. तो फक्त स्त्री शेपर्डच्याच प्रेमात पडू शकतो, म्हणजे तिथल्या प्रेमसंवादांसाठी पुरुषाची दुसरी ओळ मुद्रित करायचा प्रश्नच नव्हता. तरी एकांतातही तो तिला 'शेपर्ड'च म्हणतो.