इंग्रजी घेऊन पुढें काय ?

दर वर्षीं जून महिन्याच्या सुमारास एखादे वडील मुलाला किंवा मुलीला घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, इंग्रजी घेऊन पुढें काय ?" मुलाला लेखक व्हावयाचें आहे हें त्यांना कळलेलें असलें, तर प्रश्नांतील काळजी अधिकच वाढलेली असते. पुष्कळ वर्षें माझें उत्तर ठरलेलें असे : एम्. ए. करा, नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हा, महाविद्यालयांत शिकवा, आणि उरलेल्या वेळांत लिहा. हें उत्तर चुकीचें होतें असें आतां मला वाटतें.

ज्या विद्यार्थ्यानें तें शब्दशः मानलें, तो आज चाळिशीला आला आहे. दोन गांवांतल्या दोन महाविद्यालयांत तो तासिका तत्त्वावर शिकवितो. जितके तास, तितकें मानधन. मे महिन्यांत तास नाहींत, म्हणून मानधनहि नाहीं. बी. ए.च्या वर्गांत असतांना त्यानें लिहिलेल्या तीन कथा माझ्या टेबलाच्या खणांत अजून आहेत. चौथी त्यानें लिहिली नाहीं. भेटला म्हणजे मी त्याला कथेविषयीं विचारण्याचें टाळतों.

जागा भरल्या गेल्या नाहींत, हा माझा दोष नव्हे. माझा दोष याहून मुळाशीं आहे. ज्याला साहित्य आवडतें त्यानें साहित्य शिकवूनच पोट भरावें, हें मीं विचार न करतां गृहीत धरलें होतें. आपल्या वाङ्मयाचा इतिहास या गृहीतकाला फारसा आधार देत नाहीं. १८७२ सालीं बी. ए. झालेले विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंत शिक्षक होते, आणि १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू झाली ती त्या नोकरींतच. पुढें त्यांनीं नोकरी सोडली, आणि छापखाना, पुस्तकांचें दुकान, १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ सालीं 'केसरी' व 'मराठा' असे उद्योग मित्रांसह उभे केले. १८८२ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. पदवीधराला वाट नव्हती, तेथें त्यांनीं वाट पाडली. परंतु हें उदाहरण मुलाच्या वडिलांना ऐकविलें, तर ते नमस्कार करून उठतील, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकणार नाहीं.

मर्ढेकरांचें उदाहरण आमच्यासारख्यांच्या अधिक जवळचें आहे. आय. सी. एस. होण्यासाठीं ते १९२९ सालीं विलायतेस गेले. परीक्षेंत यश आलें नाहीं. परत आल्यावर मुंबईच्या महाविद्यालयांतून कांहीं वर्षें त्यांनीं इंग्रजी शिकविलें, आणि १९३८ सालीं ते नभोवाणीच्या नोकरींत शिरले. 'कांहीं कविता' हा संग्रह १९४७ सालचा, म्हणजे त्या नोकरींतलाच. त्याच्यावर अश्लीलतेचा खटला झाला व १९५२ सालीं ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांची कविता नभोवाणीनें घडविली, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण जेथें शब्द केवळ कानांनींच ऐकावयाचे आणि मिनिटांच्या हिशेबानें मोजावयाचे असतात, तेथली शिस्त वर्गांतल्या व्याख्यानानें त्यांना दिली नसती, असें माझें मत आहे. व्याख्यानांत आम्ही लोक शब्द मोजीत नाहीं, तास भरतों.

याला मोठा अपवाद विंदा करंदीकरांचा. त्यांनीं महाविद्यालयांतून इंग्रजी शिकविलें, आणि त्याच विद्येच्या बळावर ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र व 'किंग लियर' मराठींत आणले. वर्गांत जें शिकविलें तेंच त्यांच्या लेखनाला खाद्य झालें. मात्र त्यांच्या पिढीला कायमची जागा मिळण्याची आशा तरी होती. ती काढून घेतल्यावर उरतात त्या उत्तरपत्रिका.

अमेरिकेंत या प्रश्नाला वेगळें उत्तर सांपडलें. आयोवा विद्यापीठानें १९२२ सालीं प्रबंधाच्या जागीं कथा-कविता चालतील असें ठरविलें, आणि १९३६ सालीं तेथें लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. कवीला कोण शिकविणार, म्हणून आपल्याकडे यावर हंसण्याची रीत आहे; पण राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त कवीचा दिवस प्रहरांत वांटून देऊन त्याचा अभ्यासक्रमच आंखला होता, हें हंसणारे विसरतात. माझा आक्षेप शिकविण्याला नाहीं. लेखन शिकून बाहेर पडलेल्या पुष्कळांना तेथें पुन्हां लेखनच शिकवून पोट भरावें लागतें, म्हणजे माझेंच जुनें उत्तर तेथें निराळ्या पोशाखांत उभें आहे. त्याच विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय लेखनवर्गांत १९७५ ते १९७७ या काळांत आपले दिलीप चित्रे होते. इंग्रजीचे पदवीधर, इथिओपियांत शिक्षक, मग मुंबईंत जाहिरातीच्या व्यवसायांत, अशी त्यांची वाट वांकडीतिकडी होती. या सर्व काळांत तुकाराम त्यांच्याबरोबर होता. अभंगांचीं त्यांचीं इंग्रजी भाषांतरें १९९१ सालीं पुस्तकरूपानें आलीं.

म्हणून आतां मी नोकरीचें नांव सांगत नाहीं. संध्याकाळीं घरीं परततांना डोक्यांत कोणाची भाषा घोळत असेल, तेवढें पहावयास सांगतों. मुद्रितशोधन, भाषांतर, चित्रपटांचीं उपशीर्षकें, न्यायालयांतलें दुभाष्याचें काम यांत शब्दाशीं प्रामाणिक झटापट होते आणि दिवसाचें काम दिवसाला संपतें. विद्यार्थ्यांविषयीं खरी आस्था असेल, तर शाळेंतील शिक्षकीहि चांगली. यांतलीं कांहीं कामें यंत्रें करूं लागलीं आहेत. तेंहि लपवून ठेवीत नाहीं. यंत्राचा मजकूर वाचून त्यांतली चूक दाखविणारा मनुष्य लागतो, पण पूर्वी चार लागत तेथें आतां एक लागतो.

यंदा आलेल्या एका वडिलांनीं हें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "पगार किती ?" पहिलीं कांहीं वर्षें इंजिनियर झालेल्या चुलतभावाहून कमी, असें मीं सांगितलें. मुलगी हंसली. वडील हंसले नाहींत. त्यांनीं अर्ज भरण्याची शेवटची तारीख विचारली व ती एका चिठ्ठीवर लिहून घेतली.