किरण आला की किरण आली?

ताईच्या डोहाळजेवणात तिच्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाटी उघडण्याआधीच ताईने जाहीर केलं की काहीही निघो, बाळाचं नाव एकच ठरणार. मुलगा-मुलगी दोघांनाही चालेल असं, आणि झाडं, पाऊस, आभाळ यांतलं. मावशी म्हणाली, "मग किरण ठेव की. सोपं." त्यावर कोपऱ्यातून आजीने विचारलं, "किरण आला, की किरण आली?"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. त्या रात्री मी फोनवर मराठी नावांच्या याद्या उघडल्या आणि एखादं पुस्तक परीक्षणासाठी वाचावं तशा वाचून काढल्या. कारण ही यादी म्हणजेही एक मजकूर आहे. तिला लेखक नाही, पण तिची मतं ठाम आहेत.

पहिलं मत पान उघडताक्षणी दिसतं. दोन रकाने, मुलांचा आणि मुलींचा. तिसरा रकाना असलाच तर तळाशी, पाच-सात नावांचा. निसर्गाचीही तशीच वाटणी झालेली. वारा सगळा मुलांकडे: अनिल, समीर, पवन. सूर्य मुलांकडे, समुद्र मुलांकडे, डोंगर मुलांकडे. नद्या मुलींकडे, पृथ्वी मुलींकडे (वसुधा, अवनी, धरित्री), फुलं आणि वेली बहुतेक मुलींकडे. आभाळातली वीज तेवढी दामिनी, सौदामिनी होऊन मुलींकडे आली आहे, हे नशीब. जे वाहून नेतं, तळपतं, उंच उभं राहतं ते एका रकान्यात. जे फुलतं, देतं, सोसतं ते दुसऱ्यात. यादी निसर्गाची म्हणायची, पण वाचताना संसार दिसतो.

दुसरं मत नावाच्या शेपटीत आहे. प्राजक्त आणि प्राजक्ता. मेघ आणि मेघा. श्रावण आणि श्रावणी. झाड एक, ढग एक, महिना एक. मुलगी म्हटली की एक काना किंवा वेलांटी जोडायची. मराठीत निशिगंध हा तो निशिगंध, तरी मुलीचं नाव निशिगंधा. ही शेपटी आजची नाही. मुलीच्या नावाच्या शेवटी दीर्घ स्वर असावा, असा नियम मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिसऱ्या अध्यायात तर नक्षत्र, झाड, नदी, डोंगर किंवा पक्षी यांचं नाव असलेली मुलगी बायको म्हणून करू नये, असंही सांगितलं आहे. म्हणजे रोहिणी, तुळसा, गोदावरी, मैना सगळ्या बाद! आपल्या आज्या-पणज्यांनी तो दुसरा नियम सरळ धुडकावला. घरोघरी यमुना आणि कृष्णा नांदल्या. पहिला नियम मात्र आजच्या ॲपमध्येही मुकाट्याने पाळला जातो.

मुलग्यांना नदीचं नाव मिळालंच तर त्याला राखणदार लागतो. गंगेचा गंगाराम होतो, तुळशीचा तुळशीराम.

आता यादीच्या तळाची नावं घेऊ. गंमत अशी, की कुठलं नाव कुणाचं हे व्याकरण ठरवत नाही, सवय ठरवते. मराठीत किरण हा तो किरण, हिंदीत ती किरण. किरण नगरकर आणि किरण देसाई, दोघेही कादंबरीकार. एकाने 1974 मध्ये 'सात सक्कं त्रेचाळीस' दिली, दुसरीने 2006 चं बुकर मिळवलं. कमळ तर संस्कृतातही नपुंसकलिंगी आणि मराठीतही. पण कमल म्हटल्यावर मराठी वाचकाला कमल देसाई आठवतात आणि तमिळ प्रेक्षकाला कमल हासन. शीतल बहुतेक ठिकाणी मुलगी, पण सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतलनाथ तीर्थंकरांमुळे शीतल हा मुलगाही असतो. आणि शरद? संस्कृतात शरद् हा शब्द चक्क स्त्रीलिंगी आहे. सहा ऋतूंमधली ही ऋतुराणी मराठीत येऊन मिशा फुटलेला शरदराव झाली आणि कुणाला खटकलंही नाही. म्हणजे नावं हलतात. हलवणारे आपणच असतो.

पण आजीचा प्रश्न राहिलाच. नाव कितीही दोघांचं असलं, तरी मराठी वाक्य क्रियापदाशी येऊन थांबतं आणि तिथे गुपित फुटतं. किरण आला. किरण आली. इंग्रजीत नुसतं नाव घेऊन पुष्कळ पुढे जाता येतं, मराठीत एका शब्दात निकाल. मग अशा नावाचा उपयोग काय?

उपयोग कागदावर आहे. जिथे माणूस पोचायच्या आधी त्याचं नाव पोचतं, तिथे. नोकरीचा अर्ज, भाड्याच्या खोलीसाठी केलेला मेसेज, स्पर्धेला पाठवलेली कथा. नाव आणि क्रियापद यांच्यामध्ये जी थोडी जागा असते, तेवढी हे नाव मोकळी ठेवतं. ताईला तेवढीच जागा हवी होती. आणि तिला ती पोटातल्या बाळासाठी हवी होती, हे मला नंतर उमगलं. आपल्याकडे डॉक्टर मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत. का सांगत नाहीत, हे आपल्याला पाठ आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला, देशाचा कायदा 1994 मध्ये आला. ज्या राज्याला असा कायदा आधी करावा लागला, तिथे पेढा-बर्फीचा खेळ पूर्ण निरागस राहत नाही. बर्फी निघाल्यावर क्षणभर जी शांतता पसरते, ती ताईने बाकीच्यांच्या डोहाळजेवणांत ऐकली होती.

याद्यांबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. त्या नावं शोधतात संस्कृतात, आणि तिथे बहुतेक शब्द लिंगाचा बिल्ला लावूनच येतात. आपल्या घरची भाषा मात्र त्या उघडूनही बघत नाहीत. मराठीने नपुंसकलिंग जपलं आहे, हिंदीने ते गमावलं. आणि निसर्गातले आपले किती साधे, देखणे शब्द त्या 'ते'मध्ये आहेत बघा: ते आभाळ, ते दव, ते रान, ते ऊन, ते चांदणं, ते धुकं, ते पाखरू. त्याच रांगेत ते बाळ आणि ते लेकरूही बसलेलं. मराठी बाळ जन्मतं तेव्हा ते 'आलेलं' असतं. बारशाला आत्या कानात कुर्र करते आणि तिथून पुढे ते 'आला' किंवा 'आली' होतं. मग त्या बाळाला त्याच्याच रांगेतलं एखादं नाव का नको? दव. रान. आभाळ.

याच्या उलट बाजूने बोलायला हवं. 'ते' म्हटलं की समता आली, असं नाही. कोकणीत चेडूं म्हणजे मुलगी, आणि हा शब्द नपुंसकलिंगी आहे. लहान मुलींबद्दल तिथे 'तें'च म्हणतात, मोठेपण आणि मान आला की मग 'ती'. 'ते'मध्ये लाड असतात तसं कमी लेखणंही असू शकतं. उलट कोल्हापूरच्या मुली बिनधास्त "मी आलो" म्हणतात आणि त्यांच्या मुलगीपणाला काही होत नाही. व्याकरण आपल्याला वाटतं तेवढं कडक नाही. यादी कडक आहे.

दुसऱ्या दिवशी मी आजीला फोन करून 'आभाळ' सुचवलं. ती म्हणाली, "आभाळ फाटतं, कोसळतं. लेकराच्या डोक्यावर कशाला?" 'दव'? "उन्हं आली की जातं." मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, "धोंडू ठेवा."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण तिची थोरली बहीण धोंडू होती. तिच्याआधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून हिला दगडाचं नाव. दगडाला दृष्ट लागत नाही आणि दगड कुणी नेत नाही. हे नाव मुलग्यांनाही तितक्याच भीतीने आणि तितक्याच मायेने ठेवलं जायचं. महर्षी कर्वे धोंडो केशव होते आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका धोंडूताई कुलकर्णी होत्या. मी रात्रभर याद्यांच्या तळाशी जे शोधत होतो, ते आजीच्या घरात कधीचं होतं: निसर्गातलं, दोघांनाही चालणारं, शेपटी नसलेलं नाव. त्या आईबापांना मुलगा की मुलगी हा प्रश्न नव्हता असं मी म्हणणार नाही. पण नाव ठेवताना त्यांनी मागितलं होतं एवढंच, की मूल राहावं.

कुठल्याच यादीत धोंडू नाही. ते कुरूप वाटतं, गावठी वाटतं, शाळेत चिडवतील. ताईही ठेवणार नाही, मीही ठेवणार नाही. पण नाव निवडायची कसोटी मला तिथे मिळाली. अर्थ किती सुंदर आहे, हे नंतर बघावं. आधी ते नाव 'आला' आणि 'आली' दोन्ही लावून मोठ्याने म्हणावं, आणि दोन्ही वेळा आपला आवाज तेवढाच आनंदी राहतो का, ते ऐकावं.

ताईच्या वहीत सध्या तीन नावं आहेत: किरण, कृष्णा आणि, आजीचा विरोध नोंदवून, आभाळ. वाट्यांचं काय झालं, हे सांगायचं राहिलं. तिने दोन्ही एकदम उघडल्या, पेढा आणि बर्फी दोन्ही खाल्ले आणि पाणी मागितलं.