दाराशी थांबलेलं चरित्र

आज आम्ही कमला सोहोनींबद्दल बोलणार आहोत. खरं म्हणजे त्यांच्याबद्दल आपण जे लिहितो आणि भाषणांतून सांगतो, त्याबद्दल. आमची तक्रार त्या सांगण्याविषयी आहे.

आपण नारायणगावात जमलोय. इथून जवळच खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला जुन्नर-आंबेगावच्या शाळांतली मुलं जातात. हा दिवस २८ फेब्रुवारीला का, तर १९२८ साली त्या तारखेला रामन परिणामाचा शोध लागला म्हणून. आणि त्या दिवशी भाषणात स्त्री-शास्त्रज्ञांचा विषय निघाला की कमलाबाईंची गोष्ट येते, कारण तिच्यातही रामन आहेत.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. १९३३ साली बीएस्सी झालेल्या कमला भागवत बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत अर्ज करतात. संचालक रामन मुलगी म्हणून प्रवेश नाकारतात. कमलाबाई हटत नाहीत. मग अटी घालून एक वर्ष आत घेतलं जातं, काम पाहून रामन मान्यता देतात. टाळ्या!

गोष्ट खरी आहे आणि ती सांगायलाच हवी. अन्याय झाला तो झाला. रामन मोठे होते म्हणून तो झाकायचं कारण नाही. पण टाळ्या पडल्यावर पुढे काय सांगतो आपण? केंब्रिज, पीएचडी, पुरस्कार, संपलं. ज्या प्रयोगशाळेसाठी एवढा हट्ट धरला, तिथे जाऊन बाईंनी केलं काय? इथे आपली चरित्रं गप्प होतात. कमलाबाईंना आपण अजून दाराशीच उभं करून ठेवलंय.

आत जाऊन बघू. आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा पिकतो. काढलेल्या बटाट्याचा मोठा ढीग घातला आणि हवा खेळली नाही, तर तो आतून गरम होतो, सडायला लागतो. हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पण गरम का होतो? जमिनीतून काढला तरी बटाटा जिवंत असतो, श्वास घेत असतो. त्यातली साखर हळूहळू वापरली जाते आणि उष्णता बाहेर पडते. या श्वसनात सायटोक्रोम सी नावाचं लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पोचवतं, एका हातातून दुसऱ्या हातात घमेलं द्यावं तसं. वनस्पतींच्या पेशींतही हे प्रथिन श्वसनाचं काम करतं, हे कमलाबाईंनी केंब्रिजला बटाट्यावर काम करताना दाखवलं. रॉबिन हिल यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध १९३९ साली 'नेचर'मध्ये आला. प्रबंध होता जेमतेम ४० पानांचा.

आता स्वयंपाकघरात या. वाल आपण भिजवतो, मोड आणतो, सोलतो, शिजवतो. कच्चे खाऊ नकोस, असं आजी सांगते. कडधान्यांत काही प्रथिनं अशी असतात, की ती आपल्या पोटातल्या ट्रिप्सिनला अडवतात. ट्रिप्सिन अडलं की खाल्लेली प्रथिनं नीट पचत नाहीत. शिजवल्यावर हा अडसर बराचसा मोडतो. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नेमका हाच विषय घेतला. वाल आणि डबल बीमधले हे रोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले. १९५५ साली तेही 'नेचर'मध्ये छापून आलं. ज्या देशात गरिबाचं प्रथिन म्हणजे डाळ-कडधान्य, तिथे हा प्रश्न किती जवळचा होता बघा. नीरेवरचं त्यांचं कामही याच ओढीचं.

म्हणजे बटाटा सातगावचा, वाल आपल्या घरातले, आणि तरीही मुलांपुढे आपण ठेवतो फक्त नकार आणि जिद्द.

या साच्यात आणखी एक खोट आहे. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. हे सांगितल्याने बाईंचं मोठेपण कमी होत नाही. पण ते वगळून 'जिद्द असली की सगळं होतं' असं म्हटलं, तर भीमाशंकरच्या बाजूच्या आदिवासी पाड्यातल्या मुलीला आपण काय सांगतो? जमलं नाही तर जिद्द कमी पडली, असं? तिच्या घरात केमिस्ट काका नाही. तिच्या शाळेत नीट प्रयोगशाळा आहे का, हा आपला प्रश्न आहे, तिचा नाही.

कुणी म्हणेल, लहान मुलांना सायटोक्रोम काय कळणार? आम्हाला हे पटत नाही. अपमान कळतो, तर बटाटा गरम का होतो हेही कळेल. मादाम क्यूरींचंही आपण हेच केलंय: गळकी शेड, उपासमार, सगळं डोळ्यांत पाणी आणणारं. पण किरणोत्सार हा अणूचाच गुणधर्म आहे, हा त्यांचा विचार किती जणांच्या लक्षात राहिला?

तेव्हा इथल्या शिक्षकांना विनंती. पुढच्या विज्ञान दिनाला कमलाबाईंचा फोटो जरूर लावा, रामन यांच्या नकाराची गोष्टही सांगा. पण फोटोखाली एक बटाटा आणि मूठभर मोडाचे वाल ठेवा. मुलं विचारतील, हे इथे कशाला? तिथून बोलायला सुरुवात करा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.